गाडीचा एसी कुठे गार, कुठे कोमट : असं का होतं आणि कारण कसं शोधायचं?



एप्रिल सुरू झाला की आपल्या इंदिरानगरात गाडीच्या एसीबद्दलची बोलणी कानावर पडू लागतात. कोणी म्हणतं, "पुढे गारठा आणि मागे मुलं घामाघूम." कोणी म्हणतं, "रस्त्यावर छान चालतो हो, पण बोगद्यापाशी गाडी अडकली की गरम हवा मारतो." तिसऱ्याचं वेगळंच, "डावीकडच्या जाळीतून गार, उजवीकडून कोमट." आणि या तिन्ही तक्रारींवर ठरलेला एकच सल्ला मिळतो : "गॅस कमी झाला असेल, भरून घ्या."

हा सल्ला कधी बरोबर ठरतो, पण बऱ्याचदा नाही. वरच्या तीन तक्रारी ऐकायला सारख्या वाटतात, पण तिन्हींची कारणे वेगवेगळी आहेत. मुलांच्या पोटात दुखतं म्हटल्यावर डॉक्टर आधी विचारतात, कुठे दुखतं, कधीपासून, जेवणाआधी की नंतर? एसीच्या बाबतीतही तेच करायचं आहे. त्यासाठी मेकॅनिक असण्याची गरज नाही. इयत्ता दहावीच्या विज्ञान भाग १ मधला 'उष्णता' हा पाठ, एक साधा तापमापक आणि एक वही एवढे साहित्य पुरेसे आहे. हा पाठ तुम्ही वर्गात घेत असाल तर हे उदाहरण मुलांना चटकन पटेल. तुम्ही पालक असाल तर गॅरेजमध्ये जाऊन काय सांगायचं, हे तुम्हाला नेमकं कळेल.

१. एसी 'थंडी' तयार करत नाही

इंजेक्शनच्या आधी नर्स हाताला स्पिरिटचा बोळा लावते, तेव्हा गार वाटतं. स्पिरिटचे बाष्पीभवन होते आणि त्यासाठी लागणारी उष्णता ते आपल्या त्वचेतून घेते. माठातलं पाणी याच कारणाने गार राहतं. द्रवाचे बाष्पात रूपांतर होताना जी उष्णता शोषली जाते तिला आपण अप्रकट उष्मा म्हणतो.

गाडीच्या एसीत हेच काम शीतक करतो. शीतक म्हणजे आपण ज्याला बोलीत 'गॅस' म्हणतो तो. गेल्या पंचवीस-तीस वर्षांतल्या बहुतेक गाड्यांमध्ये आर-१३४ए हा शीतक आहे. वातावरणाच्या दाबाला तो उणे २६ अंश सेल्सिअसलाच उकळतो. पण दाब वाढला की उत्कलनबिंदू वाढतो. कुकरमध्ये डाळ लवकर शिजते तीही याच नियमाने. वातावरणाच्या साधारण तिप्पट दाबाला आर-१३४ए शून्य अंशाच्या आसपास उकळतो आणि पंधरापट दाबाला सुमारे ५५ अंशांना. एसीचं सगळं गणित या दोन आकड्यांत आहे.

आता क्रम बघा :

• कूलिंग कॉइल : ही डॅशबोर्डच्या आत असते. इथे दाब कमी असतो, त्यामुळे शीतक शून्य अंशाच्या जरा वरच उकळतो आणि गाडीतल्या हवेतली उष्णता शोषून घेतो.
• कॉम्प्रेसर : इंजिनाच्या पट्ट्यावर फिरतो. तो या बाष्पाला दाबतो, त्यामुळे त्याचा दाब आणि तापमान दोन्ही वाढतात.
• कंडेन्सर : गाडीच्या अगदी पुढे, रेडिएटरच्या समोर असतो. बाहेर नाशिकचं ४० अंशांचं ऊन असलं, तरी आतला शीतक त्याहून गरम असतो. म्हणून तो बाहेरच्या हवेला उष्णता देऊन पुन्हा द्रव होतो.
• एक्स्पान्शन व्हॉल्व्ह : बारीक छिद्रातून द्रव पुढे सोडतो. दाब एकदम उतरतो आणि चक्र पुन्हा सुरू होते.

म्हणजे एसी गाडीच्या आतली उष्णता उचलतो आणि बाहेर नेऊन टाकतो, हमालासारखी. एवढं लक्षात ठेवलं की बिघाड शोधण्याचे तीन प्रश्न आपोआप सुचतात. उष्णता नीट उचलली जाते का? ती बाहेर नीट टाकली जाते का? आणि गार झालेली हवा आपल्यापर्यंत पोचते का?

२. आधी ठरवा : वारा कमी आहे की गारवा कमी आहे?

बहुतेक गोंधळ इथेच होतो. "एसी लागत नाही" या एका वाक्यात दोन वेगळ्या गोष्टी दडलेल्या असतात. जाळीतून येणारा वारा कमी असू शकतो, किंवा वारा भरपूर असून तो गार नसू शकतो.

वारा तपासायला टिश्यू पेपरची एक पट्टी पुरे. ती प्रत्येक जाळीसमोर धरा. सगळीकडे सारखीच फडफडते का, ते पाहा. गारवा तपासायला तापमापक हवा. ताप बघायचा तापमापक इथे चालत नाही, कारण त्याची मोजपट्टी साधारण ३५ ते ४२ अंशांपुरतीच असते. प्रयोगशाळेतला पाऱ्याचा तापमापक गाडीत नेऊ नका, फुटला तर पारा आत सांडेल. स्वयंपाकघरात वापरायचा डिजिटल तापमापक उत्तम.

हात लावून अंदाज घेऊ नका. आपली त्वचा फसते. दुपारी इंदिरानगरहून मुंबईकडे निघालात तर सूर्य समोरून उजव्या अंगाला असतो. ऊन थेट चालकाच्या हातावर पडतं आणि त्याला वाटतं, माझ्या बाजूचा एसी चालत नाही. तापमापक दोन्ही बाजूंना सारखाच आकडा दाखवतो. तिथे बिघाड एसीत नसतो. उन्हाचं प्रारण सरळ अंगावर येत असतं. 

३. घरच्या घरी चाचणी

गाडी मोकळ्या जागेत, सावलीत उभी करा. बंद गॅरेजमध्ये किंवा इमारतीच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये इंजिन चालू ठेवून ही चाचणी अजिबात करू नका. धुरातला कार्बन मोनॉक्साइड जिवावर बेतू शकतो.

१) हँडब्रेक लावा, गाडी न्यूट्रलमध्ये ठेवा, इंजिन चालू करा. एसी पूर्ण गारवर, हवा आतल्या आत फिरवण्याचं बटण चालू, पंखा मधल्या वेगावर.
२) काचा बंद करून दहा मिनिटे थांबा.
३) समोरच्या चारही जाळ्यांतून येणाऱ्या हवेचे तापमान मोजा आणि वहीत लिहा : डावी कड, मधली डावी, मधली उजवी, उजवी कड. बाहेरचे तापमानही लिहा.
४) आता दुसऱ्या कोणाला तरी ॲक्सिलरेटर हलका दाबून इंजिनाचे फेरे मिनिटाला साधारण १५०० वर ठेवायला सांगा. तीन-चार मिनिटांनी पुन्हा चारही आकडे घ्या.
५) शेवटी रस्त्यावर पंधरा मिनिटे चालवून आकडे घ्या. नोंद शेजारी बसलेल्याने करायची, चालकाने नाही.

एका वेळी एकच गोष्ट बदला. पंखाही वाढवला आणि फेरेही वाढवले, तर फरक कशामुळे पडला ते कळणार नाही. प्रयोगाचा हा नियम आपण मुलांना शिकवतोच.

जाळ्याजाळ्यांत दोन-तीन अंशांचा फरक स्वाभाविक आहे. हवेच्या नळ्यांची लांबी सारखी नसते. फरक त्याहून बराच जास्त असेल तर पुढे वाचा.

४. लक्षणावरून कारण

एक बाजू गार, दुसरी कोमट. वारा मात्र दोन्हीकडे सारखा

इथे दोन शक्यता आहेत. पहिली शक्यता शीतक कमी असण्याची. असं समजा, की शेताच्या एका टोकाने पाटाचं पाणी सोडलंय. पाणी भरपूर असेल तर शेवटच्या वाफ्यापर्यंत जातं, कमी असेल तर पहिल्या दोन वाफ्यांतच जिरतं. कूलिंग कॉइलमध्येही शीतक कमी असला तर तो सुरुवातीच्या भागातच उकळून संपतो. तो भाग गार होतो, उरलेला कोरडाच राहतो. ज्या बाजूची हवा कोरड्या भागावरून येते ती कोमट लागते. कोणती बाजू कोमट होईल, हे त्या गाडीची रचना ठरवते.

दुसरी शक्यता झडपेची. डॅशबोर्डच्या आत गार आणि गरम हवा मिसळणारी एक झडप असते. गरम हवा हीटरमधून येते आणि हीटरला इंजिनाचं गरम पाणी मिळतं. दोन्ही बाजूंना वेगळं तापमान ठेवता येणाऱ्या गाड्यांत अशा दोन झडपा असतात. त्यांतल्या एकीची छोटी मोटर अडकली, की त्या बाजूला हीटरची हवा मिसळत राहते. तापमानाचं बटण एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा. डॅशबोर्डमधून टकटक आवाज येत असेल किंवा एका बाजूच्या हवेत काहीच बदल होत नसेल, तर संशय झडपेवर घ्या. या बिघाडावर कितीही गॅस भरला तरी उपयोग नाही.

रस्त्यावर गार, उभ्या गाडीत गरम

इंदिरानगरच्या बोगद्यापाशी संध्याकाळच्या कोंडीत ज्यांची गाडी अडकते, त्यांच्या परिचयाचं हे लक्षण. गाडी चालत असताना समोरचा वारा कंडेन्सरमधली उष्णता ओढून नेतो. गाडी थांबली की हे काम एकट्या पंख्यावर येतं. पंखा फिरत नसेल, हळू फिरत असेल, किंवा कंडेन्सरच्या जाळीत धूळ, चिखल, किडे अडकले असतील, तर उष्णता बाहेर पडत नाही. दाब वाढत जातो आणि शेवटी सुरक्षेसाठी कॉम्प्रेसर आपोआप बंद पडतो.

खात्री कशी करायची? गाडी उभी असताना एसी चालू ठेवा आणि समोरच्या जाळीतून कंडेन्सरवर झारीने किंवा बागेच्या पाइपने हलक्या धारेने पाणी टाका. हात आत घालू नका, पंखा अचानक सुरू होऊ शकतो. पाणी पडल्यावर दोन-तीन मिनिटांत जाळीतली हवा स्पष्टपणे गार झाली, तर दोष उष्णता बाहेर टाकण्यात आहे हे नक्की.

पाण्याने फरक पडला नाही, पण फेरे १५०० केल्यावर पडला, तर कॉम्प्रेसर कमजोर किंवा शीतक कमी असण्याची शक्यता जास्त. फेरे कमी असताना कॉम्प्रेसरही हळू फिरतो, त्यामुळे उभ्या गाडीत थोडा फरक सगळ्याच गाड्यांत पडतो, तेवढा चालायचाच.

पहिला अर्धा तास गार, मग वाराच कमी

मुंबईला निघालात, इगतपुरीपर्यंत मस्त, आणि कसारा घाट उतरल्यावर वारा मंदावला. पंख्याचा आवाज तोच, हवा मात्र येत नाही. एसी बंद करून पंधरा मिनिटांनी लावला की पुन्हा ठीक. हे कूलिंग कॉइलवर बर्फ जमल्याचं लक्षण आहे. हवेतल्या बाष्पाचं कॉइलवर पाणी होतं, कॉइल शून्याच्या खाली गेली की त्या पाण्याचा बर्फ होतो आणि हवेची वाटच बंद होते. कॉइलचे तापमान पाहून कॉम्प्रेसरला थांबवणारा सेन्सर बिघडलेला असतो, किंवा हवेचा फिल्टर तुंबलेला असतो. कधी शीतक कमी असणं हेही कारण असतं. तात्पुरता उपाय म्हणजे एसी बंद करून नुसता पंखा चालू ठेवायचा, बर्फ वितळतो.

सुरुवातीपासून सगळीकडेच वारा कमी

आधी फिल्टर काढून बघा. बहुतेक गाड्यांत तो डावीकडच्या कप्प्यामागे असतो आणि हाताने निघतो. झाडाखाली लावलेल्या गाडीत वाळकी पानं, उंदरांनी आणलेला कचरा, बांधकामाची धूळ असं काय काय निघतं. एसीच्या तक्रारींमधली ही सर्वांत स्वस्त दुरुस्ती आहे, म्हणून ती सर्वांत आधी करावी.

उन्हाळ्यात ठीक, जूनमध्ये ढिला

हा बहुधा बिघाड नसतोच. पाऊस जवळ आला की हवेतली आर्द्रता वाढते. कॉइलचे तापमान दवबिंदूच्या खाली असल्याने तिच्यावर पाणी जमते आणि गाडीखाली टपकते. बाष्पाचं पाणी होताना अप्रकट उष्मा बाहेर पडतो. तो उचलण्यातच एसीची बरीच ताकद खर्च होते. गाडीखाली टपकणारं स्वच्छ पाणी पाहून घाबरू नका. ते आतल्या पायपुसण्यावर येत असेल, तर मात्र निचऱ्याची नळी तुंबली आहे.

५. गॅस भरण्याआधी विचारायचे प्रश्न

एसीतला शीतक पेट्रोलसारखा खर्च होत नाही. तो बंद नळ्यांत फिरत राहतो. बऱ्याच वर्षांत रबरी नळ्या आणि सांध्यांतून थोडा झिरपतो, हे खरं. पण दर उन्हाळ्यात भरावा लागत असेल, तर कुठेतरी गळती आहे आणि गळती न शोधता भरलेला गॅस पुन्हा जाणारच.

"मीटर लावून बघितलं, गॅस कमी आहे" हेही नेहमी खरं नसतं. घरातल्या सिलिंडरचं उदाहरण घ्या. सिलिंडर अर्धा झाला तरी ज्योत तशीच राहते, कारण आत द्रव आहे तोवर दाब मुख्यतः तापमानावर ठरतो. किती उरलाय हे वजन केल्यावरच कळतं. गाडीतही दाबावरून बिघाडाचा अंदाज येतो, पण शीतक नेमका किती आहे ते कळत नाही. म्हणून गॅरेजमध्ये शांतपणे एवढं विचारा :

• गळती तपासली का? कशी तपासली?
• भरण्याआधी पंपाने नळ्या पूर्ण रिकाम्या करून निर्वात केल्या का? (आत हवा आणि ओलावा राहिला तर गारवा कमी होतो.)
• वजन करून भरणार का? (किती ग्रॅम भरायचा हे बहुतेक गाड्यांत बॉनेटखालच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं. जास्त भरला तरी गारवा कमीच होतो.)
• शीतक त्याच प्रकारचा आहे ना? (काही नव्या गाड्यांत आर-१२३४वायएफ असतो. दोन्ही एकमेकांच्या जागी चालत नाहीत.)

नळीचा सांधा घरी सोडवून बघू नका. बाहेर पडणारा शीतक त्वचा आणि डोळे गोठवू शकतो.

यात पैशांपलीकडचीही एक बाब आहे. पूर्वीच्या गाड्यांतला आर-१२ ओझोनचा थर खात होता. १६ सप्टेंबर १९८७ च्या मॉन्ट्रियल करारानंतर तो टप्प्याटप्प्याने बंद झाला. आपण शाळेत १६ सप्टेंबरला ओझोन दिन साजरा करतो, तो त्यामुळेच. आर-१३४ए ओझोनला अपाय करत नाही, पण शंभर वर्षांच्या हिशेबाने तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १४३० पट तापमानवाढ करतो. अर्धा किलो गळाला तर तो ७१५ किलो कार्बन डायऑक्साइडइतका. एक लिटर पेट्रोल जळून साधारण २.३ किलो कार्बन डायऑक्साइड होतो. म्हणजे हे सुमारे ३१० लिटर पेट्रोल झालं. लिटरला १५ किलोमीटर धरले तर साडेचार हजार किलोमीटरहून जास्त प्रवास! "दर वर्षी भरून टाकू" म्हणण्याआधी हा हिशोब मुलांकडून करून घ्या.

६. मागच्या सीटवरची मुलं

आता सर्वांत महत्त्वाचं. गाडीचा एसी पूर्ण निरोगी असला तरी मागच्या रांगेत गारवा उशिरा पोचतो, विशेषतः मागे जाळ्या नसलेल्या गाड्यांत. बसलेल्या मोठ्या माणसाच्या शरीरातून साधारण १०० वॅट उष्णता बाहेर पडते. मुलांची थोडी कमी धरली, तरी शाळेच्या व्हॅनमधली आठ मुलं म्हणजे जवळपास अर्ध्या किलोवॅटचा हीटर झाला. वर छत तापलेलं. आणि आपण तर पुढे गार हवेत बसलेलो असतो, त्यामुळे मागचे हाल लक्षातही येत नाहीत.

गंमत म्हणजे १९४० च्या पॅकार्ड गाडीत कारखान्यातूनच एसी बसवून मिळू लागला, तेव्हा त्याची कॉइल मागच्या सीटच्या पाठीमागे, डिकीत होती. गारवा आधी मागे यायचा! आज उलट आहे, म्हणून आपल्याला थोडी मदत करावी लागते :

• उन्हात उभ्या गाडीत बसताना आधी सगळी दारं-काचा उघडून एक-दोन मिनिटं तापलेली हवा बाहेर जाऊ द्या.
• मधल्या दोन जाळ्या वरच्या दिशेला, दोन सीटच्या मधून मागे वारा जाईल अशा वळवा. गार हवा जड असते, ती मागे जाऊन खाली उतरते.
• पंखा मोठा ठेवा. पुढे बोचायला लागलं तर कडेच्या जाळ्या वळवा, पंखा लगेच कमी करू नका.
• हवा आतल्या आत फिरवण्याचं बटण फायद्याचं आहे, पण गाडी माणसांनी भरलेली असेल तर अधूनमधून काही मिनिटे बाहेरची हवा घ्या. कार्बन डायऑक्साइड साठला की चालकाला पेंग येते.
• तापमापक एकदा मागच्या सीटवर, मुलाच्या तोंडाच्या उंचीवर धरून बघा. पुढच्या जाळीतल्या आकड्यापेक्षा हा आकडा महत्त्वाचा.

आणि "एसी चालू आहे, दोन मिनिटांत येते" म्हणून मुलाला गाडीत एकटं ठेवू नका. इंजिन किंवा कॉम्प्रेसर मध्येच बंद पडू शकतो. उन्हात बंद गाडीतलं तापमान पहिल्या दहा मिनिटांतच दहा-एक अंशांनी वाढू शकतं आणि लहान मुलाचं शरीर मोठ्यांपेक्षा लवकर तापतं.

७. वर्गात कसे घ्याल?

मुलांना घरच्या गाडीच्या चार जाळ्यांचे आकडे मोठ्यांच्या मदतीने आणायला सांगा. गाडी नसणाऱ्या मुलांना गटात घ्या, स्तंभालेख काढणं आणि कारण शोधणं हे काम त्यांच्याकडे द्या. मग हे प्रश्न विचारा :

१) दोन तासांच्या प्रवासात एसीतून एक लिटर पाणी टपकले. बाष्पनाचा अप्रकट उष्मा ५४० कॅलरी प्रतिग्रॅम धरला, तर पाणी होताना किती उष्णता बाहेर पडली? (उत्तर : ५,४०,००० कॅलरी)
२) तेवढ्या उष्णतेत शून्य अंशाचा किती बर्फ वितळेल? वितळणाचा अप्रकट उष्मा ८० कॅलरी प्रतिग्रॅम धरा. (उत्तर : ६.७५ किलो)
३) एका गाडीच्या चारही जाळ्या उभ्या गाडीत २२ अंश आणि चालत्या गाडीत ९ अंश दाखवतात. आधी काय तपासाल?
४) दुसऱ्या गाडीच्या डाव्या जाळ्या ९ अंश, उजव्या १८ अंश, वारा सारखा. कोणत्या दोन शक्यता? त्या वेगळ्या कशा कराल?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आलं की मुलं चमकतात. गाडीखाली टपकलेलं एक लिटर पाणी म्हणजे जवळपास सात किलो बर्फाचं काम! तिसऱ्या आणि चौथ्या प्रश्नाला मुलं "गॅस भरा" असं पटकन उत्तर देतील. तेव्हा एवढंच विचारा, "हे तुला कशावरून कळलं?"

पालकांनीही गॅरेजमध्ये जाताना चार आकड्यांची ती वही सोबत न्यावी. "एसी लागत नाही" एवढंच सांगण्यापेक्षा "उभ्या गाडीत २२, चालत्या गाडीत ९, आणि कंडेन्सरवर पाणी टाकलं की १२" असं सांगितलं, तर चांगल्या मेकॅनिकचं अर्धं काम तिथेच होतं. आणि नुसता गॅस भरायला निघालेला मेकॅनिकही थोडा थांबतो.

तुमच्या वर्गाचे आकडे आणि मुलांनी काढलेली कारणे जरूर कळवा.